सॅमनला भूक नसते, तिथून सुरुवात करा

*'पुलावरून जाताना खाली नदीत मोठमोठे मासे प्रवाहाच्या उलट चढताना दिसले. शेजारी उभ्या आजोबांनी सांगितलं, सॅमन आहेत, दरवर्षी येतात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही. दुकानात गेलो तर अख्खी भिंत आमिषांची. काहीच न घेता परत आलो. व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येकाचं वेगळंच. माझ्याकडे बोट नाही. बायकोच्या मते हा एका मोसमाचा शौक आहे आणि सामान शेवटी माळ्यावरच जाणार. नऊ वर्षांची मुलगी मात्र "मी पण येणार" म्हणून हटून बसली आहे. कुठून सुरुवात करू? नेमकं काय घेऊ? आणि मासा लागलाच तर सोडायचा की घरी आणायचा?' — पुलावरचा बघ्या*

नमस्कार.

दुकानातून रिकाम्या हातानं परत आलात ते बरंच झालं. त्या भिंतीवरची निम्मी आमिषं माशांसाठी नसतातच, ती तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी टांगलेली असतात. उलट पुलावर उभं राहून तुम्ही जे पाहिलंत तेच खरं भांडवल. मासे नदीच्या कुठल्या अंगानं चढत होते, मधूनच कुठे थांबत होते, थांबल्यावर तळाशी होते की वर, हे आठवतंय का? नसेल तर पुन्हा जा आणि यावेळी पोलराइज्ड गॉगल लावून जा. साध्या काळ्या चष्म्यानं पाण्यावरची चकाकी जात नाही, पोलराइज्डनं जाते आणि तळ दिसायला लागतो. तुमची पहिली खरेदी हीच.

देश कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे सगळीकडे चालेल असं आधी सांगतो आणि जिथे देशागणिक फरक पडतो तिथे तसं नाव घेऊन सांगतो.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन खाऊन-पिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. एकदा गोड्या पाण्यात शिरला की तो खाणं जवळजवळ बंद करतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवरच पुढचा सगळा प्रवास. म्हणजे नदीत तुमच्या गळासमोर जो मासा उभा आहे तो उपाशी आहे, पण भुकेला नाही. मग तो गळाला लागतो तरी का? कधी चिडून, कधी आपली जागा राखायला, कधी समुद्रातली जुनी सवय क्षणभर जागी होते म्हणून. कारण काहीही असो, आपल्यासाठी अर्थ एकच: तो आमिषाच्या मागे धावत येणार नाही. आमिषच त्याच्या तोंडासमोर, त्याच्या खोलीवर, त्याला सोसेल अशा वेगानं न्यावं लागतं. सॅमनच्या मासेमारीत कौशल्य म्हणतात ते बहुतेक एवढंच. दर दहा मिनिटांनी आमिष बदलणारा नवखा आणि एकच आमिष योग्य खोलीवर दिवसभर फिरवणारा म्हातारा एकाच डोहावर उभे असतील, तर मासा कोणाला मिळतो हे सांगायची गरज नाही.

याला अपवाद आहे तो समुद्राचा, नदीमुखाचा आणि मोठ्या तळ्यांचा. तिथे मासा अजून खातोय. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पॅसिफिकचे सॅमन मूळचे नव्हतेच. मिशिगन राज्यानं 1966 मध्ये कोहो आणि 1967 मध्ये चिनूक सोडले, त्यामागे एक उद्देश बेसुमार वाढलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या माशांना आवर घालण्याचा होता. त्या तळ्यांत उन्हाळाभर चिनूक त्या छोट्या माशांवर ताव मारतो आणि शरदात नद्यांकडे वळतो. त्या दिवसांत पहाटेच्या अंधारात धक्क्यावर उभं राहून चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं चकचकीत आमिष) फेकणाऱ्यांना बोट नसतानाही मोठे मासे मिळतात. तेव्हा बोट नाही याचं दुःख नको. भाड्याच्या बोटीवर पहिल्याच दिवशी मासा मिळण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण तिथे खोली खलाशी ठरवतो, आमिष खलाशी लावतो आणि आपण फक्त रील फिरवतो. फोटो चांगला येतो, शिकणं मात्र फारसं होत नाही.

आता कुठला सॅमन? उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. अटलांटिककडे एकच, अटलांटिक सॅमन. पॅसिफिकचे पाचही अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिकवाल्यांतले काही जगून समुद्रात परत जातात आणि पुन्हा येऊ शकतात. तुमच्या नदीत पिंक येत असतील तर मुलीसह सुरुवात करायला त्याहून चांगला मासा नाही. आकारानं लहान, बहुधा दीड-दोन किलोंचा. थव्यानं येतो आणि गुलाबी रंगाच्या छोट्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, बिनधास्त झडप घालतो. मात्र त्याचं आयुष्य ठरलेलं दोन वर्षांचं, त्यामुळे काही नद्यांत तो एक वर्षाआड दिसतो. कॅनडाच्या फ्रेझर नदीत आणि अमेरिकेच्या प्यूजेट साउंड खाडीच्या भागात मोठे थवे विषम सालांत येतात. पिंक नसेल तर कोहो. तो चिडका आहे, फिरकीवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषावर, धावून येतो आणि लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारतो.

चिनूकच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. अलास्काच्या कीनाय नदीवर 1985 मध्ये लेस अँडरसन यांनी 97 पौंड 4 औंसांचा चिनूक काढला, तो आजही रॉड-रीलवरचा विक्रम मानला जातो. तुमचा त्याच्या चौथाईचा असला तरी दोर, गळ आणि गाठ यांतल्या सगळ्या उणिवा एका मिनिटात उघड्या पाडेल. सॉकायबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. तो प्रामुख्यानं प्लवकांवर जगणारा मासा, नदीत आमिषाला क्वचितच तोंड लावतो. गर्दीच्या नद्यांवर लांब दोर प्रवाहातून असा वाहवत नेतात की तो माशाच्या उघड्या तोंडातून सरकत जावा आणि गळ जबड्याच्या कडेला बसावा. जिथे हे नियमात बसतं तिथे लोक करतात, माझं काही म्हणणं नाही. पण शिकायचं असेल तर या पद्धतीनं सुरुवात करू नका. मासा का लागला हेच कळत नाही.

अटलांटिकच्या बाजूला असाल तर चित्र निराळं. स्कॉटलंडच्या टे, ट्वीड, डी आणि स्पे या नद्या बीटमध्ये, म्हणजे ठरावीक पट्ट्यांमध्ये वाटलेल्या असतात आणि त्या त्या पट्ट्याची परवानगी काढावी लागते. पुष्कळ ठिकाणी फक्त फ्लाय (गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं हलकं आमिष) चालते, तीही बहुधा दोन हातांनी चालवायच्या तेरा ते पंधरा फुटी काठीनं. फेकायची ही रीत स्पे नदीवरच घडली आणि तिचंच नाव लावते. घाबरून जाऊ नका, एक दिवस शिक्षकाबरोबर घालवला की कामापुरती जमते. ब्रिटनमधला काठीनं काढलेला सर्वांत मोठा सॅमन, 64 पौंडांचा, टे नदीवर 1922 मध्ये जॉर्जिना बॅलन्टाइन यांनी काढला. तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

सामानाआधी कॅलेंडर. सॅमन नदीत वर्षभर नसतो. ठरावीक आठवड्यांत त्याची लाट येते आणि जाते. लाट उलटून गेल्यावर जगातलं सर्वोत्तम सामान घेऊन उभे राहिलात तरी हाती फक्त सर्दी लागेल. लाट कधी येते हे शोधायला आता अंदाज बांधत बसावं लागत नाही. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणातून रोज किती मासे वर गेले याचे जातीनिहाय आकडे जाहीर होतात. कीनायवर सोनारनं मोजणी होते. तुमच्या नदीवर असं काही असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे काढा आणि शिखराच्या आधीचा आठवडा पकडा. शिखर गाठलं म्हणजे गर्दीही शिखरावर असते.

दुसरा आकडा पाण्याच्या पातळीचा. अमेरिकेत यूएसजीएस आणि स्कॉटलंडमध्ये सेपा या सरकारी संस्था नद्यांची पातळी सतत जाहीर करतात. पाऊस पडून नदी चढली की मासे समुद्रातून आत घुसतात. पण पाणी चहासारखं गढूळ असताना त्यांना आमिष दिसत नाही. पाणी उतरायला लागलं, हिरवट झालं, गुडघाभर पाण्यात आपली बोटं दिसायला लागली, की निघायचं. त्या एक-दोन दिवसांसाठी नोकरीतली रजा राखून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

परवाना. इथे कंटाळा केलात तर बाकी सगळं वाया. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात एकाच नदीवर भरतीचं पाणी पोचतं त्या हद्दीखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि हद्दीच्या वर प्रांताचा. अलास्कात किंग म्हणजे चिनूकसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये सॅमनसाठी खास रॉड परवाना लागतो, तर स्कॉटलंडमध्ये असा सरकारी परवाना नाही. पण मालकाच्या लेखी परवानगीविना गळ टाकणं गुन्हा आहे आणि रविवारी सॅमन धरायलाच बंदी आहे. नॉर्वेत सरकारी शुल्क, शिवाय स्थानिक कार्ड, वर दुसऱ्या नदीवरून आलेलं सामान निर्जंतुक करून घ्यावं लागतं, कारण तिथे एका परजीवीनं कित्येक नद्यांतले सॅमन संपवले आहेत. नियम मोसमाच्या मधेही बदलतात. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं सॅमनची मासेमारी बंद होती. नॉर्वेनं 2024 च्या जूनमध्ये ऐन मोसमात 33 नद्या बंद केल्या. म्हणून आदल्या रात्री खात्याचं संकेतस्थळ पुन्हा एकदा बघायचंच. दुकानदारानं, मित्रानं किंवा माझ्यासारख्या सदरलेखकानं सांगितलेला नियम प्रमाण मानायचा नाही.

आता सामान. वहिनींचं म्हणणं पूर्ण डावलण्यासारखं नाही, तेव्हा जे उसनं मिळेल ते आधी उसनं घ्या. घ्यायचंच झालं तर साडेआठ ते नऊ फुटांची मध्यम ताकदीची एक काठी आणि 3000 किंवा 4000 आकाराचं स्पिनिंग रील. रीलवर 30 पौंडी विणीचा दोर आणि त्याच्या टोकाला 12 ते 15 पौंडी मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकेरी नायलॉन तंतूचा, हातभर लीडर (गळाजवळचा दोराचा तुकडा). पिंक आणि कोहोला हे पुरेसं आहे. पैसे कमी पडत असतील तर काठीत वाचवा, रीलच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे दोर सुटताना त्याला आवरणाऱ्या ब्रेकमध्ये, वाचवू नका. मासा धावतो तेव्हा दोर अडखळत सुटला तर तुटतो, सरसर सुटला तर टिकतो. आमिषांत दोन फिरक्या, दोन चमचे, थोडे जिग. फिरकी चार किंवा पाच नंबरची. एक चंदेरी स्वच्छ पाण्यासाठी, एक गुलाबी वा नारिंगी गढुळासाठी. एवढंच. खारवलेली गाबोळी हे अनेक नद्यांवर सर्वांत जालीम आमिष आहे, पण काही ठिकाणी आमिष म्हणून ती नियमात बसत नाही आणि हाताळायला किचकट आहे. ती पुढच्या वर्षी.

गळ धारदार आहे का ते नखावर टेकवून बघा. टोक घसरलं तर गळ बोथट, रुतलं तर ठीक. दगडांना घासून गळ एका तासात बोथट होतो आणि नवखे दिवसभर तोच घेऊन बसतात. पुष्कळ ठिकाणी उलटा काटा नसलेला गळच चालतो. नसला नियम तरी पक्कडीनं काटा दाबून टाका. दोर ताणलेला ठेवलात तर मासा सुटत नाही आणि सोडताना त्याला इजा कमी होते. गाठ एकच शिका, पालोमार. घरी टीव्ही बघता बघता बांधा, डोळे मिटून बांधता येईपर्यंत. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची. कोरडी गाठ घर्षणानं तापते आणि तिथेच तुटते.

पाण्याशी पोचलात की लगेच गळ टाकू नका. आधी खळाळ शोधा. मासा त्या जोराच्या पाण्यातून धडपडत वर आलेला असतो, दमलेला असतो आणि वर आल्या आल्या जी पहिली शांत जागा मिळते तिथे थांबतो. म्हणजे डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होत पुढच्या खळाळाकडे निघतं, त्याच्या जरा वर. दुसरी जागा म्हणजे जोराची धार आणि संथ पाणी यांच्यामधली शिवण. फेसाची रेघ तिथूनच वाहत जाते, त्यामुळे ती सहज दिसते. मोठ्या दगडाच्या मागे तर सगळेच बघतात. दगडाच्या पुढेही, जिथे पाण्याची उशी तयार होते, मासा पडून असतो. वेग किती हवा? काठावरून सावकाश चालत असाल तेवढा. खोली कमरेपासून दीड पुरुषापर्यंत. पुरे, बाकीचं नदी शिकवते.

फेकायची रीत. फिरकी पलीकडच्या काठाकडे, किंचित खालच्या अंगाला फेका. पाण्यात पडल्यावर एक-दोन सेकंद बुडू द्या. मग रील इतकं हळू फिरवा की पातं फिरतंय एवढं काठीत जेमतेम जाणवेल, थरथर, थरथर. प्रवाह फिरकीला कमानीत ओढत तुमच्या काठाकडे आणतो. नवख्याची चूक बहुधा एकच: तो भरभर फिरवतो, फिरकी वर येते आणि मासा दोन मीटर खाली राहतो. मधूनमधून फिरकी तळाला टेकत नसेल तर तुम्ही मासे असलेल्या पाण्याच्या वरून जाताय. थोड्या फिरक्या दगडांत अडकून जातील. जाऊ द्या, या शौकाची फी तीच आहे.

शिसं लावून तळाजवळून आमिष वाहवायची रीत याहून जुनी, आणि मला विचाराल तर शिकायला याहून चांगली. वरच्या अंगाला तिरकं फेकायचं, काठीचं टोक दोराबरोबर फिरवत न्यायचं. शिसं दगडांवरून उड्या मारत जातं, ते बोटात कळतं: टिक, टिक, टिक. सारखं घसटत असेल तर शिसं जड, काहीच कळत नसेल तर हलकं. आणि मग एखाद वेळी टिक येत नाही. झटका नाही, ओढ नाही, काही नाही. दोर मधेच थांबतो, जणू शेवाळात रुतला. दहातले नऊ वेळा ते शेवाळच असतं. पण दहाव्या वेळी ते शेवाळ डोकं हलवतं, जड, सावकाश, डावी-उजवीकडे, आणि ते हातापासून थेट खांद्यापर्यंत पोचतं. म्हणून दोर थांबला की विचार करत बसायचं नाही, काठी खाली वाहत्या बाजूला झटकन न्यायची. फ्लायवर अटलांटिक सॅमन धरत असाल तर मात्र नेमकं उलटं: हात आवरायचा, मासा वळून दोर ताणेपर्यंत काही करायचं नाही, मगच काठी उचलायची. तिथे घाई करणाऱ्याच्या हाती फक्त फ्लाय परत येते.

मासा लागला की पहिली धाव त्याची. तेव्हा रील फिरवायचं नाही. ड्रॅग आधीच दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा लावून ठेवा आणि मध्येच त्याच्याशी खेळू नका. मासा थांबला की काठी मागे घ्या, पुढे नेताना तेवढाच दोर गुंडाळा, पुन्हा मागे. काठी डोक्यावर सरळ उभी धरण्याऐवजी आडवी, बाजूला धरा. माशाचं डोकं वळलं की जोर निम्मा होतो. काठाजवळ आल्यावर तुम्हाला बघून तो शेवटची धाव घेणार, हे गृहीतच धरा. बहुतेक मासे तिथेच सुटतात, कारण आपण तोपर्यंत मनातल्या मनात फोटो काढायला लागलेलो असतो. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा, मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावू नका.

आजूबाजूला लोक असतात, त्यांचीही एक रीत आहे. अटलांटिकच्या नद्यांवर एका जागी ठाण मांडत नाहीत. फेकायचं, एक-दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. नव्यानं येणारा वरच्या टोकाला, सगळ्यांच्या मागे लागतो. पॅसिफिकच्या गर्दीच्या काठांवर उलट, जो तो आपल्या जागी उभा राहतो आणि सगळे एका तालात फेकतात. शेजाऱ्याच्या दोरावर आपला दोर पडला की दोघांचाही अर्धा तास जातो. कोणाला मासा लागला की तो ओरडून सांगतो. ऐकताच आपला दोर गुंडाळून घ्यायचा. पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघा, त्या काठाचा रिवाज आपोआप कळेल. आणि एखाद्या अनुभवी माणसाला विचारायला लाजू नका. आमिष कुठलं, असं विचारू नका. किती खोलीवर, असं विचारा. या प्रश्नाला लोक मोकळेपणानं उत्तर देतात. परवडत असेल तर एक दिवस वाटाड्या घ्या, पण त्याला सकाळीच सांगा की मला मासा नको, शिकायचंय. असं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही.

सोडायचा की आणायचा? आधी नियम ठरवतो, मग तुम्ही. पॅसिफिकच्या बऱ्याच नद्यांत हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला मासा ठेवता येतो, रानटी सोडावा लागतो. ओळख सोपी आहे: पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, हॅचरीवाले तो पिल्लाचाच कापतात. पर नाही आणि तिथे भरलेली जखम आहे, तर हॅचरीचा. जात ओळखायला तोंड उघडून बघा. खालच्या जबड्यात दातांच्या मुळाशी हिरड्या काळ्या असतील तर चिनूक, पांढुरक्या असतील तर कोहो. शेपटीही बघा: चिनूकच्या दोन्ही पाखांवर ठिपके, कोहोच्या फक्त वरच्या. हे सगळं मासा पाण्यात ठेवून करायचं. वॉशिंग्टन राज्यात तर सोडायचा सॅमन पूर्णपणे पाण्याबाहेर काढणंच नियमात बसत नाही, आणि नियम नसेल तिथेही हेच करा. हात ओले, कल्ल्यांत बोट नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतःहून सुटून जाईपर्यंत. पाण्याचं तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं असेल तर गळ टाकूच नका. अशा पाण्यात दमलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरण्याचा धोका मोठा असतो.

ठेवायची परवानगी असली तरी प्रत्येक मासा ठेवण्याजोगा नसतो. चकचकीत चंदेरी, अंगावर समुद्री उवा चिकटलेल्या असतील तर नुकताच समुद्रातून आला आहे, यासारखा मासा नाही. काळपट-लालसर झालेला, जबडा वाकडा झालेला मासा आपली चरबी खर्च करून बसलाय. त्याचं मांस फिकं आणि पिळपिळीत. त्याला त्याच्या कामाला जाऊ द्या. ठेवायचाच तर तिथल्या तिथे डोक्यावर एका घावात मारा, कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात घाला. दोरीला बांधून दुपारभर कोमट पाण्यात लोंबकळत ठेवलेला मासा घरी नेऊन 'सॅमन काही एवढा खास नाही' म्हणणारे बरेच आहेत. कच्चा खायचा बेत असेल तर आधी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवा. रानातल्या सॅमनमध्ये अ‍ॅनिसाकिससारखे कृमी असतात.

मुलीला जरूर न्या. पण पहिल्या फेरीला दोन काठ्या नकोत, एकच काठी दोघांत. तिला लाइफ जॅकेट, काठावर असली तरी. दोघांनाही गॉगल, कारण ताणातून सुटलेला गळ सरळ तोंडाकडे येतो. तुम्ही वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालणार असाल तर कमरेचा पट्टा आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल नको आणि ती बरोबर असेल त्या दिवशी गुडघ्याच्या वर पाणी नको. एरवीही मांडीच्या वर जायचं कारण नाही. पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या, तोंड प्रवाहाकडे. पडलातच तर पाठीवर व्हा, पाय खालच्या अंगाला करा आणि तिरके काठाकडे या. उथळ पाण्यात वाळू-गोट्यांचे स्वच्छ, फिकट रंगाचे खळगे दिसले तर त्यांवरून चालू नका, तिथे खाली अंडी आहेत. हे मुलीला आधीच दाखवून ठेवा, मग ती तुमच्यावरच पहारा करेल. तिला दोन तास पुरे. कंटाळली की निघा, मासे चढत असले तरी.

शेवटची गोष्ट कागदाची. वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी ठेवलेला सॅमन नोंदकार्डावर तिथल्या तिथे शाईनं लिहावा लागतो, घरी जाऊन नाही. इंग्लंडमध्ये वर्षअखेर पकडीचा अहवाल द्यावा लागतो, एकही मासा मिळाला नसला तरी शून्य लिहून. तेव्हा लिहितं पेन जॅकेटच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि पुढच्या पत्रात नदीचं नाव कळवा.